सहा सेकंदांची शांतता: फिनलंडच्या लोकांबरोबर काम करताना



या ब्लॉगवर मी एरवी माझ्या विषयाबद्दल लिहिते. उसाचं चिपाड, म्हणजे कारखान्यावर ज्याला बगॅस म्हणतात ते, त्यातून नॅनोसेल्युलोज कसं काढायचं आणि प्लास्टिकऐवजी ते कुठे वापरता येईल, वगैरे. आजचा लेख जरा वेगळा आहे. आज सेल्युलोजऐवजी माणसांबद्दल लिहितेय, आणि त्यातला पहिला नमुना मीच आहे.

झालं असं. माझ्या पीएचडीचा एक भाग फिनलंडमधल्या एका संशोधन गटाबरोबर चालू आहे. फिनलंड म्हणजे जंगलांचा देश, लाकूड आणि कागद हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा, त्यामुळे सेल्युलोजवर काम करणाऱ्याला कधीतरी तिकडचं दार वाजवावंच लागतं. पहिली ऑनलाइन बैठक ठरली. मी कळव्याच्या घरी, आतल्या खोलीत, दाराला कडी लावून बसले. आईला सांगितलं होतं, कुकर अर्ध्या तासाने लाव. बारा मिनिटं बोलले, शेवटची स्लाइड दाखवली आणि थांबले.

पलीकडे शांतता. कोणी मान हलवत नाही, कोणी ‘हं’ म्हणत नाही. तीन चेहरे स्क्रीनकडे बघतायत. मला वाटलं, नेट गेलं. मग वाटलं, यांना आवडलेलं नाही. आणि मी बोलायला लागले: “इतके सगळे नमुने जास्त होत असतील तर ओव्हनमध्ये वाळवलेला संच आपण सोडूनही देऊ शकतो.” पलीकडून एकजण म्हणाले, “ठीक आहे.” दुसऱ्या दिवशी बैठकीचा वृत्तांत आला. त्यात लिहिलं होतं, ओव्हनमध्ये वाळवलेला संच वगळला, सुचवणार मी.

नंतर मी रेकॉर्डिंग लावून मोजलं. ती शांतता सहा सेकंदांची होती. त्या सहा सेकंदांत ते माझ्या शेवटच्या आलेखाचा विचार करत होते, बाकी काही नाही. आणि पुढे माझ्या प्रगती-अहवालाच्या वेळी समितीने नेमका तोच संच मागितला. तो नव्याने करायला मला पाच आठवडे लागले.

दुसरी चूक याहून मोठी होती, तिच्याकडे येतेच. आधी हे समजून घेऊ की सहा सेकंदांत माणूस एवढा का घाबरतो.

दोन बोलण्यांमधली फट

संभाषणात एकाचं बोलणं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, त्यामध्ये एक छोटी फट असते. ही फट मोजणारे लोक आहेत. २००९ मध्ये तान्या स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी जगातल्या १० भाषांमधल्या हो-नाही प्रकारच्या प्रश्नोत्तरांची चित्रफितींवरून मोजणी केली. सगळ्या भाषा मिळून सरासरी फट निघाली साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. एवढ्या वेळात विचार करून उत्तर देणं शक्यच नसतं. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव करत असतो.

भाषांमध्ये फरकही दिसला. जपानी सर्वांत झटपट, सरासरी ७ मिलिसेकंद. डॅनिश सर्वांत सावकाश, सरासरी ४६९. म्हणजे सगळ्यांत टोकाच्या दोन भाषांमधला फरकसुद्धा अर्ध्या सेकंदाच्या आत आहे. पण आपला कान एवढ्या बारीक फरकाला फार तिखट असतो. फेलिशिया रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकन, इटालियन आणि जपानी लोकांना छोटे संवाद ऐकवले. कोणी काहीतरी मागतंय, दुसरा ‘हो’ म्हणतोय. संवाद तोच, फक्त ‘हो’च्या आधीची शांतता कमी-जास्त केली. शांतता जितकी लांब, तितका तो ‘हो’ ऐकणाऱ्याला नाखुशीचा वाटला. तिन्ही भाषांमध्ये.

आणखी एक. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी, तेही २०११ मध्येच, गटातल्या गप्पांमध्ये फक्त चार सेकंदांची शांतता आली तर काय होतं ते पाहिलं. चार सेकंदांत माणसाला आपण या गटाचे नाही, आपल्याला नाकारलंय असं वाटायला लागतं. माझी तर सहा सेकंदं होती! त्यात ऑनलाइन बैठकीत आवाज पोचायलाच वेळ लागतो, त्यामुळे ती फट आणखी रुंदावते.

थोडक्यात, शांततेची भीती हा माझा एकटीचा भित्रेपणा नव्हता. पण मी त्या शांततेचा अर्थ माझ्या घरच्या कोशात शोधला, ही चूक माझी.

‘हॅलो, आहेस ना?’

आपल्याकडे ऐकणं हे आवाजी काम आहे. फोनवर आत्या काही सांगत असेल तर आपण मध्ये मध्ये ‘हं’, ‘बरं’, ‘अगदी’, ‘काय सांगतेस!’ घालत राहतो. दोन वाक्यं ‘हं’ आलं नाही तर पलीकडून विचारणा होतेच: “हॅलो, आहेस ना?” एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं हेही आपल्याकडे भांडण नसतं. डेबोरा टॅनन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी न्यू यॉर्ककडच्या लोकांच्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांचा अभ्यास करून हेच दाखवलं होतं: काही लोकांसाठी मध्ये बोलणं म्हणजे ‘मी तुझ्यात रंगलोय’ याची खूण असते. कळव्यातल्या कुठल्याही घरी रविवारी दुपारी त्यांना हाच नमुना मिळाला असता.

फिनलंडमध्ये हे उलटं आहे. युवास्कुला विद्यापीठातल्या याक्को लेहतोनेन आणि कारी सायावारा यांनी १९८५ मध्ये ‘मूक फिन’ या विषयावर एक निबंध लिहिला. तो आजही या विषयातला पहिला संदर्भ मानला जातो. मुद्दा असा, की फिनिश श्रोता गप्प राहून लक्ष देतो. मध्ये तोंड घालणं म्हणजे समोरच्याचा अपमान. आपण ‘हं’ म्हणून मान देतो, ते थांबून मान देतात. २००६ मध्ये डोनाल कार्बॉ आणि फिनलंडमधल्या सहकाऱ्यांनी याच्याही पुढे जाऊन मांडलं की शांत राहणं ही तिथे एक स्वाभाविक अवस्था आहे. दोन माणसं एका खोलीत न बोलता बसली तर काही बिघडलेलं नसतं. ‘अबोला’ आणि ‘शांत बसणं’ यांत आपणही फरक करतोच, पण पाहुण्यासमोर शांत बसणं आपल्याला जमत नाही.

इथे एक इशारा. हे सगळं सरासरीबद्दल आहे. सरासरीवरून एखाद्या माणसाबद्दल निष्कर्ष काढणं ही संख्याशास्त्रातली जुनी आणि लोकप्रिय चूक आहे. आमच्या गटातला एक तरुण फिनिश संशोधक माझ्यापेक्षा जास्त बोलतो. शिवाय ‘आम्ही मुखदुर्बळ’ हा शिक्का फिनिश लोक स्वतःच मोठ्या आवडीने मिरवतात. कारोलीना कोर्होनेन यांची ‘फिनिश नाइटमेअर्स’ नावाची व्यंगचित्रमालिका त्यावरच उभी आहे. तिच्यातल्या बिचाऱ्या मात्तीला शेजारी जिन्यात भेटेल म्हणून दाराआड थांबावंसं वाटतं. तेव्हा संशोधन हे नकाशासारखं वापरा. प्रत्यक्ष रस्त्यावर समोर बघूनच चालायचं असतं.

‘बघतो’ आणि ‘हो, होऊन जाईल’

आता दुसरी चूक. बैठकीत त्यांनी विचारलं, नमुने कधी पाठवशील? मी म्हणाले, “पंधरा दिवसांत, नक्की.” मला तेव्हाच माहीत होतं की आमच्याकडे नमुने वाळवायच्या यंत्रावर रांग आहे. पण ‘सांगता येत नाही’ असं पहिल्याच बैठकीत कसं म्हणायचं? उत्साह दिसायला नको का?

पंधरा दिवसांनी नमुने गेले नाहीत. मी कळवलंही नाही, कारण मनात होतं की दोन-चार दिवसांत होईलच, मग एकदम चांगलीच बातमी देऊ. अठराव्या दिवशी मेल आला, दोन ओळींचा. नमुने पोचले नाहीत, त्यामुळे सूक्ष्मदर्शकावर राखून ठेवलेले दोन दिवस रिकामे गेले. पुढची वेळ सात आठवड्यांनी आहे. बस. ना राग, ना टोमणा. आमच्याकडे कोणी ओरडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ‘संदर्भ’ या कल्पनेवरून संस्कृतींची एक ढोबळ मांडणी केली. काही समाजांत अर्थ शब्दांबाहेर असतो: कोण बोलतंय, कुठल्या सुरात, काय बोलायचं टाळलंय. काही समाजांत अर्थ शब्दांतच असतो. ही मांडणी फार सरधोपट आहे अशी टीका तिच्यावर झाली आहे आणि ती रास्त आहे. पण माझ्या ‘पंधरा दिवसांत’चं काय झालं ते समजायला ती पुरते.

आपण मराठी माणसं स्वतःला रोखठोक म्हणवतो. पण नीट ऐका. ‘बघतो’ म्हणजे बहुधा नाही. ‘सांगतो तुला’ म्हणजे विचारू नको. ‘करून टाकू’ म्हणजे इच्छा आहे, तारीख नाही. ‘या एकदा घरी’ म्हणजे निरोप. हे आपल्यात कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. फिनिश माणूस मात्र ‘या एकदा’ ऐकून डायरी काढेल आणि विचारेल, कुठल्या तारखेला? त्यांच्याकडे एक म्हण आहे, तिचा अर्थ असा: बैल धरावा शिंगाने, माणूस धरावा शब्दाने. तोंडी शब्द तिथे कागदासारखा चालतो. म्हणून ते शब्द जपून देतात, आणि द्यायच्या आधी सहा सेकंद गप्प बसतात. माझ्या दोन्ही चुका खरं तर एकच होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

मग काय केलं? गाइडच्या केबिनमध्ये जाऊन कबूल केलं. ते म्हणाले, कारणं लिहू नकोस, तारीख लिही. मी लिहिलं: यंत्रावर रांग आहे हे मला माहीत होतं, मी ते सांगायला हवं होतं, नमुने अमुक तारखेला निघतील, आणि त्या आठवड्याच्या सोमवारी काम कुठवर आलंय ते कळवेन. सोमवारी कळवलं. त्या सोमवारी कळवण्यासारखं चांगलं काही नव्हतं, तरी कळवलं. उत्तर आलं: “स्पष्ट सांगितल्याबद्दल धन्यवाद.” पुढच्या बैठकीत त्यांचं वागणं आधीसारखंच होतं. चूक त्यांनी तारखेसारखी नोंदवली आणि ती सुधारली तेही तसंच नोंदवलं.

नाव, अंतर, वेळ

आता तुमच्यापैकी कोणी तिकडे शिकायला किंवा कामाला जाणार असेल, तर थोडं व्यवहारातलं.

नावाने हाक. फिनिशमध्येही आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखी दोन रूपं आहेत, पण १९६०-७०च्या दशकांनंतर रोजच्या बोलण्यात ‘तू’च चालतं. प्राध्यापकांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. मला ‘सर’ न म्हणता नुसतं नाव घ्यायला तीन बैठका लागल्या, आणि प्रत्येक वेळी आपण आगाऊपणा करतोय असं वाटलं. पण सतत ‘सर’ म्हटलं तर ते अवघडतात. गंमत म्हणजे इंग्रजीतल्या ‘प्लीज’ला फिनिशमध्ये रोजचा असा सुटसुटीत शब्द नाही. त्यामुळे त्यांचं इंग्रजी कधी कधी हुकूम सोडल्यासारखं वाटतं. आपणही ‘पाणी दे गं’ म्हणतो. ‘कृपया’ फक्त रेल्वेच्या घोषणेत आणि पाट्यांवर असतं. त्यामुळे निदान मराठी माणसाने तरी रागवू नये.

अंतर. हॉलनेच १९६६ मध्ये माणसांमधल्या अंतरांची मोजमापं मांडली होती: साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फक्त जवळची माणसं, त्यापुढे सव्वा मीटरपर्यंत ओळखीची. आपल्या गर्दीच्या लोकलसाठी रेल्वेचा हिशोब आहे, एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी! कळव्याला फक्त स्लो गाड्या थांबतात, आणि सकाळी ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीत चढणं म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. फिनलंडमध्ये बसथांब्यावर माणसं एकमेकांपासून लांब लांब उभी असतात. शेजारची सीट रिकामी ठेवून कोणी दूर बसलं तर तो तुमचा अपमान नाही. हस्तांदोलन मात्र करतात, बाईशी आणि पुरुषाशी सारखंच, थोडक्यात आणि डोळ्यांत बघून.

वेळ. वेळेचं आपल्याला कळत नाही, हे मला पटत नाही. जो माणूस गाडीला ‘आठ-बारा’ म्हणून ओळखतो त्याला मिनिटाची किंमत माहीत असते. फक्त ती शिस्त आपण प्लॅटफॉर्मवर ठेवून ऑफिसात जातो. तिकडे दहाची बैठक दहाला सुरू होते. विद्यापीठांत मात्र एक जुनी प्रथा आहे, ‘शैक्षणिक पाव तास’: दहाचं व्याख्यान सव्वादहाला. पण ते सव्वादहा म्हणजे सव्वादहाच. आणि घड्याळ लावताना लक्षात ठेवा, भारत हिवाळ्यात साडेतीन तास पुढे आणि त्यांच्या उन्हाळ्यात अडीच तास. मी मार्चअखेरीस एकदा तासभर उशिरा लॉगिन केलं होतं.

कॉफी, सॉना आणि जुलै

दरडोई कॉफी पिण्यात फिनलंड जगातल्या सर्वांत वरच्या देशांमध्ये आहे. कॉफीची सुट्टी तिथे कामगार करारांमध्ये लिहिलेली असते. प्रयोगशाळेत गेलात तर कॉफीच्या वेळी टेबलावर मशीन सोडून उठा. ओळखी तिथेच होतात.

सॉना म्हणजे वाफेची गरम खोली. देशाची लोकसंख्या साधारण ५६ लाख आणि सॉना तीसेक लाख असल्याचा अंदाज सांगतात. त्यांच्या संसदेच्या इमारतीतही सॉना आहे. २०२० मध्ये युनेस्कोने या परंपरेला आपल्या वारसा यादीत घेतलं. १९६० मध्ये राष्ट्राध्यक्ष उर्हो केक्कोनेन यांनी आपल्या साठाव्या वाढदिवसाला आलेल्या ख्रुश्चेव्ह यांना पहाटेपर्यंत सॉनात बसवलं, हा किस्सा तिथे अजून सांगतात. कामाच्या ओळखीतून सॉनाचं आमंत्रण आलं तर तो विश्वास आहे असं समजा. अशा वेळी बायका आणि पुरुष सहसा वेगळे जातात, कपडे नसतात, आणि आतमध्ये हुद्दा नसतो. नको असेल तर सरळ ‘नको, धन्यवाद’ म्हणा. कारण द्यावं लागत नाही. आपल्यासारख्यांना हीच सर्वांत मोठी सोय वाटेल!

घरी बोलावलं तर बूट दाराशी काढायचे. हे एक तरी आपल्याला शिकावं लागत नाही. आणि जुलैमध्ये मेलला उत्तर आलं नाही तर घाबरू नका; अर्धा देश तळ्याकाठच्या लाकडी घरांत सुट्टीला गेलेला असतो. गणपतीत कोकणात गेलेल्या माणसाचा फोन लागतो का? तसंच ते.

हे सगळं आपल्याला कशाला?

कारण फिनलंड वाटतं तेवढं लांब नाही. ठाण्यात माजिवड्याला एलबीएस मार्गावरची पेपर प्रॉडक्ट्स कंपनी जुन्या ठाणेकरांना आठवत असेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती फिनलंडच्या हुहतामाकी समूहाकडे गेली. हा समूह १९२० मध्ये कोक्कोला गावात गोळ्या-चॉकलेटं बनवण्यापासून सुरू झाला होता, आज वेष्टनांसाठी ओळखला जातो. खोपोलीला वार्टसिलाचं काम आहे, जेजुरीला कोनेक्रेन्सचं. घोडबंदरच्या एखाद्या टॉवरमध्ये लिफ्टच्या बटणांवर ‘कोने’ दिसलं तर तोही फिनिश शब्द आहे. अर्थ साधाच: यंत्र. आणि पहिला मोबाइल ज्या नावाचा आपल्या घरात आला ते नोकिया हे तर तिथल्या एका गावाचं नाव.

म्हणजे तुम्ही हेलसिंकीला न जाताही एखाद्या फिनिश साहेबाच्या, किंवा आता म्हणायचं तर नुसत्या नावाने हाक मारायच्या सहकाऱ्याच्या, समोर बसू शकता. तेव्हा एवढं करा: बोलून झालं की थांबा. मनात दहा आकडे मोजा. तारीख विचारली तर खरी तारीख द्या, आणि ती चुकणार असं कळल्या दिवशी सांगा. ‘जमणार नाही’ हे तिथे उद्धटपणाचं वाक्य नाही, उपयोगाची माहिती आहे.

सात आठवड्यांनी आमच्या नमुन्यांची वेळ आली. ओव्हनमध्ये वाळवलेला संचही मी पाठवला होता, या वेळी विचारून. त्यानंतरच्या बैठकीत मी नवीन चित्रं दाखवली आणि थांबले. शांतता. एक, दोन, तीन. बाहेर कुकरची शिट्टी झाली. मी तोंड मिटून बसले. आठव्या आकड्याला प्राध्यापकांनी श्वास आत ओढत ‘यो’ म्हटलं. हो, ते लोक ‘हो’ कधी कधी श्वास आत घेतानाच म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तर दचकायला होतं. मग ते म्हणाले, “तिसरं चित्र पुन्हा दाखव. त्या कडेला काहीतरी वेगळं आहे.”

त्या कडेला काय होतं ते पुढच्या लेखात. तोवर कोणी फिनलंडला निघालं असेल तर जरूर कळवा. ‘बघतो’ नको, तारीख सांगा!